दफेदार आणि सुपारीचा डावा पाय

दफेदार सोनकांबळे यांच्याशी माझी ओळख भांडणाने झाली. लातूरच्या रिंग रोडपलीकडे आम्ही घर बांधलं तेव्हा शेजारचा प्लॉट मोकळा होता आणि तो मोकळाच राहील अशी माझी आपली भाबडी समजूत होती. वास्तुशांतीचा मांडव उतरतो न उतरतो तोच तिथे तारेचं कुंपण पडलं, पत्र्याची शेड उभी राहिली, आणि एका सकाळी मी स्वयंपाकघराची खिडकी उघडली तर समोर घोड्याचं तोंड. शाळेत मी सातवीचा वर्ग सांभाळते, त्यामुळे गोंगाटाची मला सवय आहे. माश्यांची नाही. तरातरा शेजारी गेले.

शेडपुढे पांढऱ्या मिशांचा एक उंच, ताठ माणूस घोड्याच्या पायाशी उकिडवा बसला होता. मी तोंड उघडताच त्याने मान वर न करता नुसता हात वर केला. घोड्याच्या गुडघ्याखालच्या नळीवरून तो उलटा हात फिरवत होता, आजारी लेकराच्या कपाळाला लावतात तसा. चारही पाय झाल्यावर तो सावकाश उठला.

"बोला मॅडम."

"तुमच्या घोड्यांच्या माश्या माझ्या पिठात पडतायत."

"करतो बंदोबस्त. पन मॅडम, तुमी उजव्या पायावर भार कमी टाकून राहिल्यात. गुडघा दाखवून घ्या."

"चपलेचा अंगठा तुटलाय," मी म्हणाले.

त्यांनी खाली पाहिलं. अंगठा खरंच तुटलेला होता. आता हा गृहस्थ ओशाळेल असं मला वाटलं, पण कसलं काय! "मंग चप्पल दाखवून घ्या," असं म्हणून ते आत निघून गेले. दुपारी त्यांच्या पत्नी, शांतावहिनी, डब्यात गरम धपाटे घेऊन आल्या आणि "त्यांचं बोलनं मनावर घिऊ नका, त्ये समद्यांचे पाय बघतेत," म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून लीद रोजच्या रोज उचलली जाऊ लागली. माश्या कमी झाल्या. भांडण मात्र मी चालू ठेवलं, कारण त्यानिमित्ताने सकाळचा चहा तिकडे होत असे.

दफेदार म्हणजे घोडदळातला हवालदार. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी फौजेच्या घोड्यांत काढली होती आणि निवृत्तीनंतर लातुरात येऊन घोडेस्वारीचा क्लास काढला होता. लातुरात ज्याचा क्लास निघत नाही अशी विद्या नाही, तेव्हा हाही चालला. डॉक्टर होण्यासाठी खोल्या घेऊन राहिलेली पोरं रविवारी यायची. शेडमध्ये तीन घोडे होते. एक म्हातारा पांढरा, मुलांना फिरवण्यापुरता; कुठे फटाका वाजला की तो कुंपण तोडून पळायचा. एक इथल्या एका डॉक्टरांचा, शिकायला ठेवलेला. आणि तिसरी सुपारी.

माणूस सोपा नव्हता. मिशांना तेल लावल्याशिवाय ते फाटकाबाहेर पडत नसत. आपलं चुकलं हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. रंगाचा पत्ता चुकीचा टाकला तरी ते सरळ खेळाचा नियमच बदलायचे. लग्नाला गेले तर जेवणापेक्षा लोकांच्या चालीकडे लक्ष. एकदा आमच्याच भाच्याच्या लग्नात माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, नवरदेव मागचा डावा ओढून राहिलाय." मी म्हटलं, दफेदार, माणसाला मागचा पाय नसतो. "तुमच्याकडं नसंल," ते म्हणाले.

त्यांच्या शिकवण्यात मात्र चेष्टेला जागा नव्हती. घोडा बाहेर काढला की आधी नुसतं चालवणं, अंग मोकळं होईपर्यंत. मग नांगरलेल्या भुसभुशीत मातीत लांब दोरीवर गोल फिरवणं, जितकं डावीकडे तितकंच उजवीकडे. मग नवा धडा, आणि तो इतका छोटा की बघणाऱ्याला वाटावं, एवढ्यासाठी का खोगीर चढवलं? घोड्याने एकदा नीट केलं की ते लगेच उतरायला सांगत. स्वार कुरकुरला, अजून एकदा करू का म्हणाला, की दफेदार चिडत. "त्याला जमलंय, त्याला खुशी हाय. आता धा वेळा करून त्याला कटाळा आन, पाय दुखीव, मंग उद्या त्योच धडा पयल्यापासून शिकीव. ह्येला तू म्हेनत म्हनतूस?" त्यांचे घोडे लवकर शिकायचे याचं कारण हेच असावं. थकवून शिकवलेलं त्यांना कधी दुरुस्त करत बसावं लागलं नाही.

आणि एक शब्द होता: "उतर." घोड्याचं एक पाऊल जरी आखूड पडलं तरी मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून हा शब्द यायचा, आणि मग स्वार कलेक्टरचा मुलगा असो की कोणी, त्याला खाली यावंच लागे. का म्हणून विचारायची सोय नव्हती.

एकदा एक डाळमिलवाले आपला तगडा काळा घोडा घेऊन आले. जत्रेच्या आत तो ढोलावर नाचला पाहिजे, दोन पायांवर उभा राहिला पाहिजे. घोडा अजून कोवळा होता. दफेदारांनी त्याचे दात पाहिले, पाय पाहिले आणि शेटजींना म्हणाले, "जरा हितं गोल फिरा. एकाच बाजूनं." शेटजी हौशी होते, फिरले. पाच-सात फेऱ्यांनंतर थांबले, घाम पुसला, चक्कर येते म्हणाले. "आता फरशीवर फिरा, आन पाठीवर ह्ये पोतं घ्या." शेटजी घोडा घेऊन गेले ते तडक दुसऱ्या माणसाकडे. त्याने सिमेंटच्या अंगणात घोडा महिनाभरात नाचता केला. जत्रेत त्याला फेटा बांधला, व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि दफेदारांना गावभर लोक हसले. पुढे तो काळा घोडा कुठे दिसेना. दफेदार भेटेल त्याला त्याची चौकशी करत राहिले. मी म्हटलं, पाय गेले असणार त्याचे, तुमचंच खरं झालं की. त्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "खरं हून काय करू मॅडम? त्याला शिकायचा लई नाद व्हता."

सुपारी ही त्यांची स्वतःची घोडी, शिंगरू होती तेव्हा आणलेली. हे नाव त्यांच्या पुतणीने, मयूरीने ठेवलं, रंगावरून. मयूरी धाकट्या भावाची, उत्तमची मुलगी. उत्तमचं धर्माबादला वेल्डिंगचं दुकान. मुलगी मेडिकलच्या तयारीसाठी लातुरात मोठ्या बाबांकडे राहायला आली आणि फिजिक्सपेक्षा घोडीत जास्त रमली. त्या वर्षी सुपारी नुकती कुठे पाठीवर माणूस घेऊ लागली होती, तेही फक्त मयूरीला, तेही चालण्यापुरतं. आवाजाला मात्र ती अजिबात बिचकत नसे. शेजारी बोअरची गाडी धडधडत असली तरी ही आपली कडबा खात उभी. फेब्रुवारीत कधीतरी चरताना तिचा डावा पुढचा पाय घुशीच्या बिळात गेला आणि नळीमागची शीर सुजली. दफेदारांनी पाठीवर बसणं बंद केलं. रोज दोन्ही वेळा गार पाण्याची धार, आणि हाताने धरून थोडं चालवणं. सूज उतरली तरी ते बंदी उठवीनात.

अशात एका संध्याकाळी उत्तम आले. मी चहाला तिथेच होते. उत्तमचा चेहरा उजळलेला होता. त्यांच्या गावात, मुदखेडच्या पुढे आहे ते, चौदा एप्रिलची मिरवणूक दरवर्षी बाहेरच्या रस्त्याने जायची.

"औंदा येशीतून," उत्तम म्हणाले. "मोठ्या गल्लीतून. परवानगी मिळाली दादा. आन फुडं आपली मयूरी, घोड्यावर."

"लई चांगलं झालं," दफेदार म्हणाले. "घोडा कुनाचा?"

"कुनाचा म्हंजे? सुपारी."

"सुपारी न्हाई. तिचा पाय अजून कच्चा हाय. खाली सिमेंट, वर ऊन, त्यात गर्दी. फुडच्या वर्षी मी सोता घिऊन येतो. औंदा भाड्यानं आना."

"भाड्याचा घोडा येशीपातूर येतो. फुडं येत न्हाई. तुला म्हाईत हाय."

दफेदारांनी मान शेडकडे वळवली. उत्तमचा आवाज चढला. "आजा थांबला, आबा थांबले. आता तूबी म्हनतूस थांबा. किती थांबायचं दादा?"

"मी घोडीचं बोलून राहिलो."

"आन मी आपलं बोलून राहिलो! माझ्या लग्नात तू सुट्टीवर व्हतास. वर्दीत. येशीत मला कोन म्हनलं उतर म्हनून? त्यो घोडेवाला न्हाई. तू म्हनलास."

शांतावहिनी आतून बाहेर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. उत्तम चहा न पिता गेले.

काय घडलं होतं ते वहिनींनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. उत्तमच्या वरातीत कोणी दगड मारला नव्हता, कोणी शिवी दिली नव्हती. वेशीजवळ ओट्यावर बसलेली चार माणसं नुसती उठून उभी राहिली. घोडेवाला लगाम सोडून बाजूला झाला. मला ह्या गावात धंदा करायचाय म्हणाला. मागे बायका-पोरं होती. दफेदारांनी भावाला खाली उतरवलं आणि वरात पायी नेली. "त्या दिशी कुनाला काय झालं न्हाई," वहिनी म्हणाल्या, "म्हनून कुनी त्यास्नी नावबी ठिवलं न्हाई. पन त्यांनी मिशी वाढवली ती तवापासून." मी हसावं की काय मला कळेना.

पुढचे काही दिवस दफेदार माझ्याशी भांडलेच नाहीत. सुपारीचा पाय चाचपायचे, उठायचे, पुन्हा बसून चाचपायचे. शेवटी मयूरीच बोलली, माझ्यासमोर.

"मोठे बाबा, तुमी न्हाई म्हनलात तर मी चालत जाईन. माझं कायच न्हाई. पन घोडी लंगडी व्हती म्हनून आनली न्हाई, ह्ये गावात कुनाला खरं वाटंल? भ्याले म्हनतील."

"म्हनू दे," ते म्हणाले. पण तो मैदानाच्या दुसऱ्या टोकावर पोचणारा आवाज नव्हता.

दोन दिवसांनी त्यांनी उत्तमला फोन लावला आणि हुकूम दिल्यासारखं सांगितलं. घोडी पिकअपमधून वेशीबाहेरच्या शेतापर्यंत येईल. तोवर पाठीवर कोणी नाही. मयूरी वेशीत बसेल, मोठ्या गल्लीतून शाळेपर्यंत जाईल, आणि शाळेशी उतरेल. पुढची मिरवणूक तिने पायी करायची. "तितकं सुपारी करंल. त्याच्या फुडं येक पाऊल न्हाई."

त्या दिवसांत मी त्यांना काम करताना पाहिलं तसं पुन्हा पाहिलं नाही. मोबाइलवर जयंतीची गाणी लावून ते तो लांब ठेवायचे, मग जवळ, मग शेजारच्या पोराचा मोठा स्पीकर. घोडीला चंदी, म्हणजे हरभऱ्याचा खुराक, खाताना ते ऐकवायचं, म्हणजे आवाज आणि हरभरा यांची तिच्या डोक्यात गाठ पडावी. माती, मग रस्त्याकडेचा मुरूम, मग चार पावलं सिमेंट आणि परत माती. नालाखाली रबराचा तुकडा घालून घेतला. मयूरीला सांगितलं, अंग सैल सोड, पाठीवर पोतं हून बसू नको. सगळं थोडं थोडं, कुठेही घाई नाही. आणि दर वेळी नळीवरून उलटा हात. एका सकाळी ते मला म्हणाले, "थंड हाय मॅडम. बघा हात लावून." मी लावला. मला नेहमीसारखंच काही कळलं नाही, पण मी हो म्हटलं.

त्या दिवशी मीही गेले होते. वहिनींनी आग्रहाने नेलं. उन्हं कलायला लागली होती तरी डीजेच्या भिंतीसमोर पोरं घामाने निथळत नाचत होती. सगळीकडे निळे झेंडे, निळा गुलाल. पांढऱ्या कपड्यांतली मयूरी वेशीत सुपारीवर बसली तेव्हा बायकांमधून असा काही आवाज उठला की माझ्या अंगावर काटा आला. उत्तम रडत होते आणि नाचतही होते. दफेदार डाव्या बाजूने लगामाशी हात ठेवून चालत होते, ताठ, जुना फौजी कोट घालून, त्या एप्रिलात. गल्लीच्या दोन्ही बाजूंना ओट्यांवर माणसं बसलेली होती. या वेळी कोणी उठलं नाही. काही जण मोबाइलवर व्हिडिओ घेत होते, काही नुसते बघत होते. त्यांच्या चेहऱ्यांवरून काही समजत नव्हतं. मी स्वतः अशाच एका ओट्यावर वाढलेली आहे, मलाही ते चेहरे वाचता आले नाहीत.

गल्लीच्या मध्यावर रस्त्यात नाली आडवी जाते. तिच्यावरची एक फरशी हलती होती. सुपारीचा डावा पाय तिच्यावर पडला आणि फरशी कलली. घोडी धडपडली, सावरली. लोकांना तो नाचाचाच भाग वाटला, टाळ्या पडल्या. पण पुढच्या पावलाला डावा पाय टेकताच तिची मान वर गेली. आणखी एक पाऊल, पुन्हा मान वर. पुढच्या पायाचं दुखणं मानेत दिसतं हे दफेदारांनीच मला शिकवलं होतं, आणि ते मला दिसलं. शेजारी वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं.

दफेदार थांबले. त्यांचं तोंड उघडलं. मयूरीने वाकून विचारलं, "मोठे बाबा?" तिला पाठीवर बसून ते कळलं असणारच. तो शब्द आता येणार म्हणून मी वाट बघत होते, आयुष्यभर ज्याला क्षणाचा उशीर झाला नव्हता तो. त्यांनी डावीकडच्या ओट्याकडे पाहिलं, उजवीकडच्या ओट्याकडे पाहिलं. मग आपला खांदा घोडीच्या खांद्याला लावला, जणू थोडा भार आपल्याकडे घेता येईल.

"चल," ते म्हणाले. मयूरीला म्हणाले की सुपारीला, कोण जाणे. "धीरे चल, बाळा."

शाळा काही लांब नव्हती. सुपारी चालली. शाळेच्या फाटकाशी मयूरी खाली उतरली, तिला पोरांनी खांद्यावर घेतलं आणि गर्दी पुढे गेली. घोडी डाव्या खुराचं टोक नुसतं जमिनीला टेकवून उभी होती. दफेदारांनी पाण्याचा जार उचलला, पिण्याचा होता तो, आणि उकिडवं बसून तिच्या नळीवर ओतला. निळा रंग वाहत खाली गेला. मी जवळ गेले तर त्यांनी हात वर केला नाही, मान वर केली नाही. मी तशीच परत फिरले.

शीर तुटली होती. घोडी जगेल, चालेलही, पण पाठीवर कोणाला घेणार नाही, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं.

क्लास त्यांनी महिनाभरात बंद केला. डॉक्टरांचा घोडा परत पाठवला, पांढऱ्याला ओळखीत एकाकडे चांगली जागा बघून दिलं. मी कारण विचारलं, रागावूनच विचारलं, कारण मला माझा सकाळचा चहा सोडायचा नव्हता. "पोरांस्नी शिकवायचं तर उतर म्हनावं लागतं," ते म्हणाले. "आता ते कोनत्या तोंडानं म्हनू?"

कायमचं गावाकडे निघायच्या दिवशी सुपारी पिकअपमध्ये चढवून झाल्यावर ते आमच्या फाटकाशी आले. मिशीला तेल नव्हतं.

"मॅडम, खरं सांगा. त्या दिवशी मी चुकलो का?"

"नाही," मी म्हणाले. आजही मी तेच म्हणेन.

"मलाबी तसंच वाटतं. मंग तिचं काय चुकलं?"

मला राग आला होता. त्या ओट्यांवरच्या माणसांचा, त्यांच्या आधी तिथे बसलेल्यांचा, आणि हे सगळं एका कोवळ्या जनावराच्या पायावर येऊन पडलं याचा. तो राग गेलेला नाही.

हिवाळ्यात मुदखेडला नात्यात कार्य होतं. तिथून त्यांचं गाव जवळ, म्हणून सकाळीच रिक्षा करून गेले. रिक्षा वेशीबाहेर थांबली, कारण समोर वाट अडलेली होती. उसाने भरलेला ट्रॅक्टर गावातून बाहेर निघताना वेशीच्या आत उभा होता, मोठ्या गल्लीतल्या कोणाचा तरी. त्याच्यापुढे ऐन वेशीखाली सुपारी थांबली होती आणि तिची दोरी धरून दफेदार. रोज सकाळी ते तिला असं बाहेरच्या शेतात चरायला नेतात, एवढ्या जवळच्या शेतापर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागतो, असं रिक्षावाल्याने सांगितलं. ड्रायव्हरने एकदा हॉर्न वाजवला. दफेदारांनी वळून पाहिलं नाही. ओट्यावरून एक म्हातारा ओरडला, "आरं, दिसत न्हाई का? घोडी हाय. बंद कर." ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मग सगळेच गप्प उभे राहिलो, ट्रॅक्टर, रिक्षा, मागे शाळेला निघालेली पोरं. दफेदारांची नजर खाली, तिच्या डाव्या पायावर होती. बऱ्याच वेळाने सुपारीने तो उचलला, पुढे ठेवला, तिची मान वर गेली, आणि तिच्याबरोबर त्यांनीही एक पाऊल टाकलं.